वाघ्याचं वय

आमच्या घरात कुत्र्यावरून जेवढे वाद झाले, तेवढे भावकीत बांधावरून झाले नसतील. वस्ती भिंगारच्या शिवेला, एका अंगाला लष्कराची हद्द. लहानपणी साहेब लोकांची उंची कुत्री शिपायाच्या हातातल्या पट्ट्याला बांधून फिरताना दिसायची. त्यामुळं आमच्याकडच्या पोरांना अल्सेशियन, लॅब्रॅडॉर ही नावं बैलांच्या नावाइतकी पाठ.

वडिलांची पारख मात्र वेगळी. ते पिल्लाला उताणं धरून नखं मोजायचे. साध्या कुत्र्याला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, मिळून १८. मागं एकेक जादा नख निघालं अन् वीस भरली, की कुत्रं राखणीला पक्कं, असा त्यांचा हिशेब. मीही तोच हिशेब पुढं चालवला. आमचा वाघ्या वीस नखांचा.

नात आता अकरावीला आहे. तिनं एकदा विचारलं, "आबा, अठरा नखांची किती कुत्री पाळून बघितली तुमच्या वडिलांनी?"

"एकबी नाही."

"मग वीसवाली चांगली, हे कशावरून ठरलं?"

यावर मी काय बोलणार? तंबाखू मळत बसलो.

पोरीला गणिताचा नाद आहे. मार्कांसाठी घोकतात तसा नव्हे. एखाद्याला भजनाचा असतो तसा. आम्ही १९७६ ला दहावी झालो ते पावकी, निमकी, दिडकीच्या जोरावर. ५२ किलोच्या ३७ गोण्या म्हणजे १९२४ किलो, हे मी आजही अडत्याच्या आधी सांगतो. पण तो व्यवहार झाला. हिला त्यात गंमत वाटते. पाथर्डी रोडला एसटीची वाट बघताना ही येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकच्या नंबरातले चार आकडे घेते. समजा ३५२४. आकडे उतरते मांडायचे, चढते मांडायचे, मोठ्यातून लहान वजा करायचा. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तसंच, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, आणि येतं ६१७४. चारही आकडे सारखे नसले, की कुठलाही नंबर घ्या, फार तर सात वेळा वजाबाकी केली की गाडी ६१७४ वरच येऊन थांबते. हे शोधलं नाशिकजवळच्या देवळालीतल्या शाळामास्तरांनी, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडलं. पुढं १९७५ मध्ये अमेरिकेच्या मासिकात मार्टिन गार्डनरनी लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर झालं. देवळाली म्हणजे आपल्यासारखीच छावणीची वस्ती. मला याचं उगाच बरं वाटलं.

तर वाघ्या. गेल्या वर्षी तो नऊ वर्षांचा झाला. कान मंदावले, रात्री कुणी बांधावरून गेलं तरी उठेना. जिल्ह्यात बिबट्याचं भ्या वाढलेलं. मुलगा म्हणाला, "मोठ्या जातीचं कुत्रं आणू, आन् ह्याला हायवेच्या हॉटेलामागं सोडू. खायला मिळंल त्याला." त्याचंही अगदी चूक नव्हतं, शेळ्या त्यालाच सांभाळायच्या होत्या.

नात वही घेऊन आली. कुत्र्याच्या वयाला सातनं गुणायचं, हे सगळेच म्हणतात. ती म्हणाली, "ते खोटं आहे. वर्षाच्या कुत्रीला पिल्लं होतात. सात वर्षांच्या पोरीला होतात का?" मग सांगितलं, की कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी शंभरावर लॅब्रॅडॉर कुत्र्यांचं रक्त तपासून २०२० मध्ये नवं सूत्र काढलंय. त्यात लॉग आहे. लॉग माझ्या डोक्यावरून जायला लागला, तेव्हा तिनं सोपं केलं: कुत्रं एक वर्षाचं म्हणजे माणूस ३१ चा. पुढं कुत्र्याचं वय दुप्पट झालं, की माणसाची ११ वर्षं वाढवायची. दोनला ४२, चारला ५३, आठला ६४. आधी भराभर मोठं होतं, मग सावकाश म्हातारं. आणि नऊला?

"६६," ती बापाला म्हणाली. "आबांएवढा. मग आबांनाबी हॉटेलामागं सोडायचं का?"

जेवणं चालली होती. मुलगा हात धुवून उठला. त्या दिवसापासून वाघ्याची जागा ओसरीवर, माझ्या खाटेखाली. हॉटेलाचं नाव परत निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आबा, ते सूत्र लॅब्रॅडॉरचं आहे. आपल्या गावठी कुत्र्याला लागू पडेलच असं नाही. गावठीचं कुणी मोजायला पाहिजे." जिंकलेल्या भांडणातलं आपलंच कच्चं अंग आपण होऊन सांगणारं माणूस मी बाजार समितीत कधी बघितलं नाही.

तिला बी. एस्सी. करायचंय, गणित घेऊन. बाप म्हणतो, डी. फार्मसी कर, मेडिकल टाकता येईल. हा वाद अजून मिटलेला नाही. मी पोरीच्या बाजूनं आहे, पण फी मी भरत नाही, त्यामुळं माझा आवाज जरा बारीक.

राखणीला कुत्रं तर हवंच होतं. शेजारच्या वस्तीवर गावठी कुत्रीनं सहा पिल्लं घातली. नातीनं रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली (आईच्या शिव्या खाऊन), ग्रॅमात वजनं लिहिली, रेघांचा आलेख काढला. महिन्यानं पिल्लू निवडायची वेळ आली. सगळ्यात चांगली वाढ तांबड्याची होती. मी तरी चोरून त्याची नखं मोजली. वीस.

तिनं उचललं एक काळं, वजनात शेवटून दुसरं.

"हे का गं?" म्हटलं. "आलेखात तर तांबडं वर आहे."

"हे माझ्या चपलेवर झोपतं," ती म्हणाली, अन् त्याला ओढणीत गुंडाळून वस्तीकडं चालू लागली. वाघ्यानं त्याला एकदा हुंगलं आणि परत खाटेखाली जाऊन पडला.