संलग्न : यथोपरि

मध्यप्रदेश शासनाच्या सेवेत असताना हजारो पत्रांच्या तळाशी ‘संलग्न : यथोपरि’ असे पाहून मी सही केली. सोबतचा कागद पोहोचला म्हणजे तो वाचलाही जाणार, याविषयी कधी शंका आली नाही. ती शंका निवृत्तीनंतर आली, आणि तीही सख्ख्या थोरल्या भावाच्या पत्राने.

आपल्याकडील बहुतेक जुन्या घरांप्रमाणे आमच्याही घरी सौंसरला एक पेटी आहे. भोसल्यांचे नागपूर राज्य १८५४ साली खालसा झाले; १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्यप्रदेश झाला तेव्हा आपला हा मराठी मुलूख छिंदवाडा जिल्ह्याबरोबर इकडेच राहिला; २०२३ साली पांढुर्णा जिल्हा होऊन सौंसर त्यात आले. पेटी मात्र जागची हलली नाही. तिच्यात मोडी कागद आहेत. वडिलांजवळ बसून मोडी शिकले ते एकटे दादा. कचेरीत हिंदी आणि घरात मराठी, दोन्ही देवनागरीतच. तेव्हा मोडी हवी कशाला, असे म्हणून मी ती टाळली.

२०१७ च्या पावसाळ्यात तीन कागदांच्या छायाप्रती मी इंदूरला दादांकडे पाठविल्या. महिनाभराने त्यांचा फोन आला, “वाचून टाइप केले आहे. ईमेल बघ.” मी बघितले, तर फाईल उघडेचना. कारण पुढे कळले. वर्ड २००७ पासून फाईल ‘डॉक्स’ या नव्या प्रकारात जतन होते आणि माझ्या संगणकावरील जुना वर्ड फक्त ‘डॉक’ जाणत होता. पुतणीने ती जुन्या प्रकारात पुन्हा पाठविली. या खेपेस उघडली, पण पानभर नुसती इंग्रजी अक्षरे, एकाही शब्दाला अर्थ नाही.

दादांना तसे कळविले. त्यांनी तीच फाईल तिसऱ्यांदा पाठविली आणि मी तीच अक्षरे दुसऱ्यांदा पाहिली. शेवटी कंटाळून म्हणालो, “दादा, राहू द्या. दिवाळीला येतोच आहे, समोर बसून वाचू.” ते क्षणभर थांबले आणि “बरं” म्हणाले. पोळा झाला, जाम नदीवर गोटमार झाली, आणि नवरात्रात दादा गेले.

पुढे कित्येक महिने ती फाईल मी उघडली नाही. एकदा पांढुर्ण्याच्या बाजारात संगणकाच्या दुकानात दुसऱ्याच कामासाठी गेलो असता त्या मुलाला सहज दाखविली. त्याने पाहताच सांगितले, “साहेब, हा तर कृतिदेव आहे.” त्याने फाँट चढविला, आणि डोळ्यांदेखत सारे पान मराठी झाले. दुकानातील स्टुलावर बसूनच मी दादांना वाचले.

कृतिदेव! माझ्या कचेरीतील प्रत्येक पत्र त्याच फाँटमध्ये होत असे. पण टाइप बाबू करीत, मी सही करीत असे. त्या मुलाने समजाविले की अशा फाँटमध्ये संगणक देवनागरी साठवीतच नाही. ‘मराठी’ लिहिले की आत ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरे राहतात. फाँट त्यांना केवळ देवनागरीचा अंगरखा घालतो. जिथे फाँट नाही, तिथे अंगरखा गळतो. युनिकोडमध्ये तसे नाही. तिथे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. पीडीएफ करताना तर फाँट फाईलच्या पोटातच बांधून देता येतो.

हे ऐकताना मला पेटी आठवली. पूर्वजांनी पाठविलेले ते कागदही आम्हांस पोहोचलेच होते. शब्द न तोडता लिहिलेल्या त्या मोडी ओळी उलगडणारा फाँट कागदात नव्हता; तो माणसाच्या डोक्यात असायचा. आमच्या घरात तो शेवटी दादांच्या डोक्यात होता.

पहिला कागद शेतसाऱ्याची पावती, दुसरा विहिरीच्या पाण्याच्या वाट्याचा. तिसरा एका लग्नातील आहेराची यादी : कोणाचे लुगडे, कोणाचा एक रुपया, कोणाची दोन पायली ज्वारी. त्याखाली दादांनी लिहिले होते, “पुढील चार ओळी मला लागत नाहीत. तू शिकून घे.”

त्यांचे हे वाक्य माझ्या संगणकात तीनदा येऊन पडले होते.

मी साठीनंतर मोडी गिरवायला घेतली. चारांपैकी तीन ओळी लागल्या आहेत. तीही आहेराचीच नावे आहेत. २०१४ पासून मोडीलाही युनिकोडमध्ये जागा आहे, परंतु घरातील वाचणारा त्याने मिळत नाही. म्हणून आता प्रत्येक कागदाची देवनागरी नक्कल युनिकोडमध्ये करतो, पीडीएफ करून मुलाबाळांना पाठवितो, आणि एक छापील प्रत पेटीत ठेवतो. ‘यथोपरि’ लिहून थांबत नाही. संध्याकाळी फोन करून विचारतो, “उघडलं का? वाचता आलं का?” आणि उत्तर ऐकल्याशिवाय फोन ठेवत नाही.