काट्याची परीक्षा

ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरून थोडे चालले की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असे लिहिलेले आहे. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॅमिंग्टनसाहेब टॅक्सीवाल्यांच्या जिभेवरून अद्याप उतरलेले नाहीत. तारा, स्पीकर, संगणकांचे सुटे भाग यांनी फुटपाथसुद्धा भरलेला. तेथे मराठीच्या मास्तराचे काय काम? पण गणपती झाल्यावर एका शनिवारी मी गेलो खरा, आणि तोही खांद्यावर जड ओझे घेऊन.

ओझे म्हणजे वडिलांचा ॲव्हो मीटर. वडील गिरणीत इलेक्ट्रिशियन. १९८२च्या संपात नोकरी गेली आणि आमच्या चाळीतल्या खोलीत रेडिओ-मिक्सर दुरुस्तीचा संसार सुरू झाला, तो या मीटरच्या जिवावर. डोनल्ड मॅकाडी या इंग्लंडच्या टपाल खात्यातील अभियंत्याने १९२३ साली हे यंत्र काढले. अँपिअर, व्होल्ट, ओहम या तिघांची आद्याक्षरे मिळून ॲव्हो. आमचा ‘मॉडेल ८’. १९५१ साली निघालेले हे मॉडेल २००८पर्यंत बनत होते. वडिलांनी तो जुनाच घेतलेला. ते गेल्याला वर्ष झाले. फ्लॅटमध्ये जागा नाही, म्हणून विकायला काढला.

गल्लीतल्या दुकानात चाचा बसले होते. मूळचे रत्नागिरीकडचे, मराठी अस्सल कोकणी वळणाचे.

“चालतो का, मास्तर?”

“न चालायला काय झालं?” मी ठणकावले. जन्मात त्याला हात लावला नव्हता!

चाचांनी आधी मागचे झाकण काढून सेल गळून हिरवट चिकटा साचला आहे काय ते पाहिले. मग मीटर आडवा ठेवून काटा शून्यावर बसतो का, हळूच कलता केला तर अडतो का, हे पाहिले. तबकडीवर आरशाची एक पट्टी असते. काटा आणि त्याचे प्रतिबिंब एकावर एक येईल असा डोळा धरायचा, नाहीतर वाचन चुकते. दोन्ही वायरींची टोके एकमेकांना टेकवून त्यांनी ओहमचे शून्य जुळवले, मग शंभर, हजार, दहा हजार ओहमचे रेझिस्टर एकेक करून लावले. प्रत्येक आकडा शेजारच्या नव्या डिजिटल मीटरशी ताडला. नवा सेल लावला. दीड व्होल्टच्या किंचित वर. मी मनात किंमत वाढवत होतो.

शेवटी भिंतीतला प्लग. डिजिटलने २३४ दाखवले. आमचा काटा जागचा हलला नाही.

चाचांनी बटणे फिरवून पाहिली, वायरी बदलल्या. “ए.सी. मेलाय. रेक्टिफायर गेला असणार.”

दुकानात एक पोरगेला वायरमन उभा होता. “असू दे चाचा, बाकी ठीक आहे ना? मी घेतो,” तो म्हणाला.

“अरे, बंद मीटर परवडला. हा जिवंत तारेवर शून्य दाखवील, आणि तू हात घालशील!” चाचा एकदम तापले. “काम करायच्या आधी चालू प्लगवर मीटर बघायचा, मग तुझी तार बघायची, मग परत चालू प्लगवर. शिकवलं नाही कुणी?”

मी गप्प झालो. शेवटच्या दोन-तीन वर्षांत वडील मीटर कपाटातच ठेवीत. होल्डरला दोन वायरी जोडलेला एक साधा बल्ब घेऊन ते आधी चालू प्लगवर पेटवून पाहत, मग दुरुस्तीच्या तारेला लावत, पुन्हा प्लगवर. मला वाटे, म्हातारपणाचा संशय. एकदा तर मी चिडून म्हणालो होतो, “एवढा महागडा मीटर घरात असताना हा दिवा कशाला मिरवता?” ते काही बोलले नाहीत. घरातल्या त्या अन्नदात्याची मुलासमोर नाचक्की करायची नव्हती की काय, कोण जाणे.

“भंगारात देता, की सांगून विकता?” चाचांनी विचारले.

“सांगून.”

भाव निम्म्याहून खाली आला. चाचांनी पांढऱ्या रंगाच्या डबीत काडी बुडवली आणि उजव्या बटणाशेजारी ठळक लिहिले : ए.सी. बंद. पोराने ते वाचले, रेडिओच्या कामाला पुरे म्हणाला, आणि पैसे मोजले.

घरी येऊन मी माळ्यावरची पेटी काढली. होल्डर सापडला. बल्ब मात्र फुटला होता.