आमची शकुंतला

शकुंतला हे नाव आमच्या अंजनगावच्या घरात कालिदासाच्या आधी आगगाडीमुळे आले. आजोळ मूर्तिजापूरचे. उन्हाळ्याची सुटी लागली, की आई आम्हां भावंडांना घेऊन त्या अडीच फुटी रुळांवरच्या गाडीत बसे. कपाशीच्या शेतांमधून गाडी इतकी सावकाश जाई, की वाटेत भेटलेल्या ओळखीच्या शेतकऱ्याची खुशालीही विचारून होई. मूर्तिजापुरास उतरल्यावर आई डब्याला हात लावून म्हणे, "येते गं!"

ती गाडी आमची नव्हती, हे मला फार उशिरा उमगले. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे नेण्यासाठी किलिक निक्सन या इंग्रज पेढीने विसाव्या शतकाच्या आरंभी अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ हा सुमारे १९० किलोमीटरांचा मार्ग उभारला. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे राष्ट्राच्या झाल्या. हा मार्ग मात्र खाजगी कंपनीचाच राहिला. मँचेस्टरला १९२१ साली घडविलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबले. मालक एक आणि चालविणारा दुसरा, अशा घराच्या डागडुजीचे जे होते तेच येथे झाले. रूळ जीर्ण झाले व गाडी थांबली.

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान सुरू झाले. त्या सुमारास विमानांविषयी वाचताना कॅनडातील 'एअर इन्युइट'ची हकीकत हाती आली. क्वेबेकच्या उत्तर टोकाला, नुनाविक प्रदेशात, इन्युइट लोकांची १४ गावे आहेत. दक्षिणेकडून तेथे जाणारा रस्ताच नाही. जलविद्युत प्रकल्पाच्या वादातून १९७५ साली करार झाला आणि या लोकांना भरपाई मिळाली. ती सांभाळण्यासाठी त्यांनी 'माकिविक' ही आपली संस्था काढली, आणि १९७८ साली सुरू झालेली ही विमान कंपनी त्या संस्थेच्याच मालकीची आहे. रोगी, टपाल, धान्य तिच्या पंखांवर जाते.

तेथील एखादी म्हातारी विमानाला "आमचे" म्हणत असेल, तर तिच्या शब्दामागे दस्तऐवज आहे. माझ्या आईच्या शब्दामागे केवळ माया होती. शकुंतला बंद पडली, तेव्हा त्या मायेला कोणी काही विचारले नाही. आणि खरे सांगायचे, तर आम्हीही आपणहून कधी काही विचारले नव्हते.