फोकस भिंतीवर

अमरावतीच्या आमच्या घरी, बैठकीत टीव्हीच्या वर एक फोटो टांगलेला आहे. आठ बाय दहा इंच, लाकडी फ्रेम. डावीकडून आजी, आजोबा, आई, बाबा. मे १९९४, अकोला, आईच्या माहेरचं अंगण, लग्न लागल्यानंतरची संध्याकाळ. चौघांपैकी एकाचाही चेहरा स्पष्ट नाही. डोळे नाहीत, डोळ्यांच्या जागा आहेत. पण त्यांच्या मागे, मांडवाच्या उघड्या बाजूतून रस्त्यापलीकडची जी भिंत दिसते, तिच्यावर रंगवलेली सिमेंटची जाहिरात अक्षर न् अक्षर वाचता येते. खाली डीलरचा पाच आकडी फोन नंबर आहे. वाचायला शिकलो तेव्हा तो मी पाठ केला होता.

असला फोटो कोणी फ्रेम करत नाही. आम्ही केला, कारण त्याच वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी आजोबा गेले. आई-बाबांसोबत आजोबा असलेला हा एकच फोटो. बाकी फोटोंमध्ये ते एकतर पंगतीत पाठमोरे आहेत किंवा कोणाच्या तरी खांद्यामागे अर्धे.

फोटो मामांनी काढला. म्हणजे वधूच्या भावाने. मामांचा तेव्हा अकोल्यात टिळक रोडच्या आतल्या गल्लीत छोटा स्टुडिओ होता, त्यामुळे त्यांच्याकडून हे व्हायला नको होतं, असं बाबांचं तीस वर्षांपासूनचं म्हणणं आहे. ते आल्यागेल्याला फोटो दाखवतात आणि सांगतात, "आमच्या साळ्यानं भिंतीचा फोटो काहाडला, आमी उगाच मधात आलो." पाहुणे हसतात. आई आत निघून जाते. मामा आमच्याकडे आले की टीव्हीकडे पाठ करून बसतात. ही बसायची जागा मी लहानपणापासून बघतोय, पण तिचा अर्थ लागायला मला वेळ लागला.

बाबांची थिअरी घरात सर्वमान्य होती. मामांनी त्या दिवशी कोणाचा तरी ऑटोफोकस कॅमेरा आणला होता. ऑटोफोकस कॅमेरा बरोब्बर मध्यावर बघतो. मध्यावर आजोबा आणि आई यांच्यामधली फट आहे. फटीतून कॅमेऱ्याला भिंत दिसली, त्याने भिंतीवर फोकस केला. सिंपल. दोन माणसांचा फोटो काढताना होणारी ही जगातली सगळ्यात कॉमन चूक आहे, त्या काळच्या मॅन्युअलमध्ये छापलेली असायची. आधी एका माणसावर चौकट धरायची, बटन अर्धं दाबून फोकस धरून ठेवायचा, मग कॅमेरा सरकवून फ्रेम नीट करायची. स्टुडिओवाल्याला एवढं कळू नये?

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसभर दुसऱ्यांचे बग शोधतो. गेल्या दिवाळीत घरी आलो, सोफ्यावर आडवा पडलो आणि त्या फोटोकडे पहिल्यांदा बग म्हणून बघितलं. मग रात्री तीनपर्यंत वाचत बसलो.

आपल्या पिढीला फोकस ही करायची गोष्ट आहे हेच माहीत नाही. स्क्रीनवर चेहऱ्याभोवती पिवळा चौकोन येतो, संपलं. मामा ज्या याशिका एफएक्स-३ वर शिकले, तिच्यात व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एक छोटं वर्तुळ आहे, आडवं चिरलेलं. फोकस नसेल तर चिरेच्या वरचा आणि खालचा भाग एकमेकांपासून सरकलेला दिसतो. लेन्सची रिंग फिरवत तो जोडायचा. मामा म्हणतात, माणसाचं नाक जुळलं की फोटो झाला. मामांनी हा हात बसवला तो मूर्तिजापूरला शकुंतलेवर. नॅरो गेज, वाफेचं इंजिन १९२१ चं, मँचेस्टरमध्ये बांधलेलं. मामा रुळातल्या एका स्लीपरवर आधीच फोकस करून ठेवायचे आणि गाडी तिथे यायची वाट बघायचे. शकुंतलेचा वेग बघता मध्ये चहा पण व्हायचा. ते इंजिन एप्रिल १९९४ मध्ये बंद झालं आणि डिझेल आलं. पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न.

हे नाक जुळवण्याचं काम कॅमेऱ्याला शिकवायला बराच घाम गाळावा लागला. मोठ्या प्रमाणावर बनलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा कोनिकाचा, सी३५ एएफ, १९७७. आतलं डोकं मात्र हनीवेल या अमेरिकन कंपनीचं होतं. दोन छोट्या खिडक्या, आत आरसे. दोन्ही खिडक्यांतली चित्रं एकमेकांशी जुळली की अंतर कळलं. म्हणजे मामांचंच नाक जुळवणं, फक्त मामांशिवाय. पण त्याला उजेड लागायचा. १९७८ मध्ये पोलरॉइडने वटवाघळाचा रस्ता धरला. कॅमेरा अल्ट्रासाउंड सोडायचा आणि प्रतिध्वनी किती वेळात येतो त्यावरून अंतर काढायचा. अंधारातही चालायचं, पण खिडकीबाहेरचा फोटो काढायला गेलं की आवाज काचेवरूनच परत यायचा आणि कॅमेरा इमानदारीत काचेवर फोकस करायचा. १९७९ मध्ये कॅननने एएफ३५एम आणला. तो एका खिडकीतून अदृश्य इन्फ्रारेड किरण सोडायचा आणि समोरच्या वस्तूवर आपटून परत आलेला प्रकाश दुसऱ्या खिडकीतून टिपायचा. तो कोणत्या कोनातून आला त्यावरून अंतर. स्वस्त, झटपट, अंधारात चालणारं. पुढची कित्येक वर्षं खिशात मावणारे असंख्य कॅमेरे याच तत्त्वावर निघाले.

मोठ्या कॅमेऱ्यांची गोष्ट वेगळी आहे आणि खरं तर तीच जास्त भारी आहे. १९८५ चा मिनोल्टा ७००० लेन्समधूनच आलेला प्रकाश घ्यायचा, लेन्सच्या दोन कडांकडून आलेली दोन चित्रं वेगळी करायचा आणि त्यांच्यातलं अंतर मोजायचा. त्यामुळे फोकस चुकलाय एवढंच नाही, तर पुढे चुकला की मागे आणि किती, हे एका मापात कळायचं. मग बॉडीतली मोटर लेन्स थेट त्या जागी नेऊन ठेवायची. चाचपडणं नाही. कॅननला याचा इतका धसका बसला की त्यांनी १९८७ मध्ये ईओएस काढताना मोटर प्रत्येक लेन्समध्येच टाकली आणि आपला जुना लेन्स-माउंट सरळ सोडून दिला. ज्यांनी आयुष्यभराची कमाई जुन्या लेन्सेसमध्ये घातली होती ते किती चिडले असतील, हे एखादं अपडेट आल्यावर आपला चार्जर बदलावा लागलेल्या माणसाला कळेल. हनीवेलने त्याच वर्षी मिनोल्टावर पेटंटचा दावा लावला. १९९२ मध्ये तो मिटला तेव्हा मिनोल्टाने १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजले.

एवढा पैसा, एवढं डोकं, आणि आमच्या बैठकीत सिमेंटची जाहिरात.

मामांनी आणलेला कॅमेरा मोठ्या जातीतला नव्हता. नागपूरच्या मित्राकडून दोन दिवसांकरता मागून आणलेला, खिशात मावणारा, इन्फ्रारेडवाला. त्याचंही कारण होतं. वधूचा भाऊ म्हणून मामांना कानपिळी करायची होती. नवरदेवाचा कान पिळायचा की फोटो काढायचा? याशिका त्यांनी मित्राच्या गळ्यात घातली आणि स्वतःसाठी हा खिशातला ठेवला. संध्याकाळी मित्र जेवायला बसला, तेवढ्यात हे चौघे उभे राहिले, आणि मामांनी खिशातला काढला.

रात्री तीन वाजता मला अडलं ते इथे. इन्फ्रारेडच्या कॅमेऱ्याला फट हा एकच आजार नव्हता. ज्या वस्तू प्रकाश परतच पाठवत नाहीत, विशेषतः काळ्या, त्यांच्यावरही तो फसायचा. किरण गेला, काही परत आलं नाही, म्हणजे समोर लांबपर्यंत काहीच नाही असं समजून लेन्स दूरवर नेऊन ठेवायचा. आणि आजोबांनी काळा कोट घातलाय. अकोल्याच्या मे महिन्यात. व्याही म्हणून मिरवायचं तर कोट पाहिजे, मग ४५ डिग्री का असेना.

म्हणजे एक बग, दोन संशयित. फट किंवा कोट. लक्षण दोघांचं सारखंच, मागची भिंत स्पष्ट. फरक एकाच गोष्टीने कळणार होता, फ्रेमचा मध्य नक्की कुठे होता. फोटोत तो फटीत आहे. पण आठ बाय दहा हा आकार फिल्मचा नाहीच. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर असते. आठ बाय दहाच्या प्रमाणात त्यातली ३० बाय २४ च मावते. ६ मिलिमीटर कापले गेले होते. कोणत्या बाजूने, हे निगेटिव्हलाच माहीत.

भाऊबीज झाल्यावर बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेलो. मामांचा स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली. भिंतीवर त्यांनी सुधारक ओलवेंचं वर्तमानपत्रातलं कात्रण चिकटवून ठेवलंय, २०१६ च्या पद्मश्रीचं. "आपल्या अकोल्यात जन्मलेला माणूस," असं प्रत्येकाला सांगतात. निगेटिव्ह मागितल्यावर त्यांनी कशाला असं विचारलंच नाही. बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून समोर ठेवला आणि चहा करायला गेले.

मोबाइलची पांढरी स्क्रीन खाली धरून पट्टी बघितली, दुसऱ्या फोनने फोटो काढून रंग उलटे केले. डाव्या कडेला, आजीच्या बाजूला, एक सात-आठ वर्षांचा पोरगा उभा होता. नाकात बोट. प्रिंट करणाऱ्याने त्याला उडवण्यासाठी सगळे ६ मिलिमीटर डावीकडूनच कापले होते. म्हणजे प्रिंटचा मध्य खऱ्या मध्यापेक्षा ३ मिलिमीटर उजवीकडे सरकला होता. तीन मीटरवरून काढलेल्या या फोटोत ३ मिलिमीटर म्हणजे जवळपास पाऊण फूट. मी पट्टीवर मोजून खूण केली. फ्रेमचा खरा मध्य फटीत नव्हता. आजोबांच्या छातीवर होता, तिसऱ्या बटनाच्या थोडा वर. निगेटिव्हवर काळा कोट म्हणजे नुसती नारिंगी, कोरी फिल्म. खूण त्या कोऱ्या जागेच्या मधोमध पडली.

मामा चहा घेऊन आले. मी दाखवलं.

"माहीत हाये मले," ते म्हणाले. "चौकट मी बुढ्याच्याच छातीवर ठेवली होती. तवाच सांगतलं होतं. कोनी आयकलं नाही."

"आजोबांवरच का पण, मामा? नवरा-नवरी सोडून?"

"तुह्या आई-बापाचे मस्त फोटो निघाले होते दिवसभर. बुढा कुठीच सापडेना. त्याचा एकबी फोटो नव्हता कोनापाशी. आता सातबाऱ्यावर काही फोटो नसते." मग थोड्या वेळाने, "इतका मान दिला, थोच नडला."

कोटाचं सिद्ध करायचं राहिलं होतं. सगळंच काळं कापड इन्फ्रारेड गिळत नाही. कित्येक काळे कपडे त्या प्रकाशात चक्क पांढरे दिसतात, रंग कोणता वापरलाय त्यावर ते असतं. आजोबांचा कोट आजीच्या ट्रंकेत होता, डांबरगोळ्यांसकट. आणि आमच्या पोर्चमध्ये सीसीटीव्ही आहे, जो रात्री स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावून बघतो. प्रकाश जवळपास त्याच जातीचा.

अमरावतीला परत आलो त्या रात्री पोर्चमधला बल्ब बंद केला. मी कोट हॅंगरला लावणार होतो. बाबा बराच वेळ दारात उभे राहून माझं चाललेलं बघत होते. म्हणाले, "दे इकडे." कोट खांद्यांना दाटत होता, बटनं लागत नव्हती. त्यांनी तो पुढून हातांनी ओढून धरला आणि कॅमेऱ्यासमोर ताठ उभे राहिले.

फोनवर चित्र आलं. बाबांचा चेहरा उजळ, डोळे मांजरासारखे चमकणारे. त्यांची काळीच पँट, दुपारी विकत घेतल्यासारखी, पांढुरकी दिसत होती. छातीच्या जागी मात्र भोक होतं. नुसतं काळं, एक घडी नाही, एक बटन नाही.

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चित्र मोठं केलं, लहान केलं, परत मोठं केलं. कोट अंगावरच होता.

"लाव त्याले फोन," बाबा म्हणाले.

व्हिडिओ कॉल लावला. मामा उचलून काही बोलायच्या आधीच बाबांनी त्यांना भोक दाखवलं. काय आहे ते समजावताना बाबांनी दोनदा उलटंसुलटं सांगितलं, मी मध्ये बोललो नाही. माफीबिफी कोणी मागितली नाही, आमच्याकडे ती पद्धत नाही. मामा एवढंच म्हणाले, "जवाईबुवा, कोट तुमाले दाटून राहिला."

मग मामांनी विचारलं, निगेटिव्हमधलं ते पोट्टं कोणाचं आहे, मुलाकडचं की मुलीकडचं? बाबा म्हणाले तुमच्याकडचंच, आमच्याकडची पोरं नाकात बोटं घालत नाहीत. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिच्या मते तो बँडवाल्यासोबत आलेला होता. तासभर हे चालू होतं. पोराचा अजून पत्ता लागलेला नाही.