उतार

आमच्या परभणी जिल्ह्यात सर्दीला कुणी आजार म्हणत नाही. ताप चढला, हगवण लागली, साप चावला तर दवाखाना. नाक चोंदलं, डोकं जड झालं तर "होईल बरं." याच समजुतीत मी वाढले. माझं गाव मानवत तालुक्यातलं. काळी जमीन, कापूस, ज्वारी, तूर. मळणी यंत्र सुरू झालं की भुसा माठावर, अंथरुणावर, पापण्यांवर येऊन बसायचा. पावसाळ्यात बांधाबांधावर गाजरगवत पांढऱ्या फुलांनी भरून जायचं. आणि माझ्या भुवयांच्या वर, गालांच्या हाडांत ठणका सुरू व्हायचा. खाली वाकलं की सगळा भार कपाळात उतरायचा. कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी बंद. आभाळ भरून आलं की आजी माझ्याकडे बघून म्हणायची, "लेकराचं डोकं आभाळाला बांधलंय."

तिच्याकडे उपाय होते. तव्यावर ओवा भाजून फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि हुंगायला द्यायची. सुंठ उगाळून कपाळावर लेप द्यायची. रात्री माय भगुल्यात पाणी उकळायची आणि मला वाकळीखाली बसवून वाफ द्यायची. त्या उपायांना मी आजही नावं ठेवणार नाही. वाफेनं घट्ट झालेला शेंबूड सैल होतो, ओव्याच्या दर्पानं घडीभर मोकळं वाटतं, आणि कपाळावरून फिरणारा मायेचा हात तर कुठल्याच औषधात नसतो. पण दुखण्याचं मूळ आत खोल होतं, तिथवर यातलं काही पोचत नव्हतं. "तिची प्रकृतीच कफाची," असं घरात ठरून गेलं. एकदा प्रकृती म्हटलं की मग इलाज कोण शोधतो?

आपल्या जुन्या वैद्यांनी मात्र हे इतकं सोपं मानलं नव्हतं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात प्रतिश्यायाला, म्हणजे सर्दीला, स्वतंत्र अध्याय आहे. तिकडे दुर्लक्ष केलं तर तो चिघळतो आणि वास घेण्याची शक्तीही हिरावून नेतो, असा इशारा त्यात दिला आहे.

माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं. शिक्षिका होऊन मी परभणीत आले. खडूची धूळ, रस्त्यांची धूळ, हिवाळ्यातली बोचरी थंडी. ठणका तर होताच, पण वास कधी गेला ते कळलंही नाही. तो एका दिवसात जात नाही, थोडा थोडा विझतो. आधी फुलांचा गेला. मग भाकरीचा. हुरड्याच्या दिवसांत भावाच्या शेतात आगटीभोवती सगळे बसायचे, भाजलेल्या कणसांचा सुवास घेत "आहा" म्हणायचे, आणि मला जिभेवर नुसती गोडसर, कोमट चव लागायची. 2 फेब्रुवारीपासून परभणीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. तिथे अत्तराच्या दुकानावर शेजारीण मनगट माझ्या नाकाशी धरायची, मी मान डोलवायची. मृगाचा पहिला पाऊस काळ्या जमिनीवर पडायचा आणि मला तो फक्त दिसायचा, ऐकू यायचा. घरात दूध करपल्याचं मला सगळ्यांच्या नंतर कळायचं.

माणूस आंधळा झाला तर घर हळहळतं. वास गेलेल्या माणसाचं दुःख कुणाला दिसतच नाही. पुढे करोनात असंख्य लोकांचा वास गेला, तेव्हा कुठे या दुःखाबद्दल लोक बोलू लागले.

मध्ये बराच काळ बाम, वेदनाशामक गोळ्या आणि नाकात टाकायच्या थेंबांवर गेला. चोंदलेलं नाक मिनिटांत उघडणारे हे थेंब मेडिकलवर सहज मिळतात. पण आठवडाभरापेक्षा जास्त वापरले तर तेच नाक पुन्हा चोंदवतात आणि माणूस त्या बाटलीला बांधला जातो. आमच्या शिक्षक खोलीतच दोन-तीन जणींच्या पर्समध्ये ती बाटली असायची.

शेवटी कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरीणबाईंनी आधी शांतपणे सगळं विचारून घेतलं. उजेड सहन होतो का? मळमळतं का? अर्धंच डोकं ठणकतं का? त्या म्हणाल्या, "सायनस सायनस म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांना खरं म्हणजे अर्धशिशी असते. त्यांचं नाक कापून काय उपयोग?" मग त्यांनी नाकात बारीक दुर्बीण घातली. द्राक्षाच्या मण्यांसारखे पिवळट, ओलसर कोंब दोन्हीकडे लोंबत होते. सीटी स्कॅनच्या फिल्मवर हवा काळी दिसते. माझ्या गालांच्या आणि कपाळाच्या पोकळ्या करड्या होत्या, गच्च भरलेल्या.

चेहऱ्याच्या हाडांत अशा पोकळ्यांच्या चार जोड्या असतात: कपाळात, गालांत, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या मागे खोलवर. निरोगी माणसातही त्यांत सतत पातळ स्राव तयार होतो. डोळ्यांना न दिसणारे केसांसारखे असंख्य तंतू तो लोटत लोटत बारीक तोंडापाशी नेतात आणि तिथून तो नाकात उतरतो. गालाच्या पोकळीचं हे तोंड तळाशी नाही, वरच्या बाजूला आहे. म्हणजे स्रावाला चढून बाहेर पडावं लागतं. सूज येऊन ते तोंड मिटलं की आतला स्राव साचतो, नासतो आणि ठणका लागतो.

डॉक्टरीणबाईंकडून हे ऐकताना मला आमचं शेत आठवलं. जायकवाडी धरणाचा डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे. तो पाथरी, मानवत, परभणी या तालुक्यांतून जातो. त्यानं सुबत्ता आणली आणि सखल शिवारं चिबडही केली. काळ्या जमिनीत साचलेलं पाणी हलत नाही, पिकाची मुळं कुजतात. माझे वडील अण्णा सांगायचे, आपल्या सोयीच्या जागी कितीही खोल खड्डा घ्या, पाणी आपल्या उताराकडंच जाणार. चर तिथंच काढावा लागतो.

वैद्यकशास्त्रालाही हे कळायला वेळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कॉल्डवेल आणि पॅरिसमध्ये ल्यूक यांनी वरच्या ओठाखाली चिरून, हाड फोडून गालाची पोकळी साफ करायची शस्त्रक्रिया मांडली. तिच्यात तळाशी नवं भोक पाडत. पुढची कित्येक दशकं तीच होत राहिली. मग ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून वर्षानुवर्षं निरीक्षण केलं. तळाला नवं भोक असलं तरी ते तंतू स्राव जुन्या, नैसर्गिक तोंडाकडेच नेतात, असं त्यांना दिसलं. त्यांचं पुस्तक 1978 साली आलं. स्टॅमबर्गर आणि केनेडी यांनी 1980 च्या दशकात ही पद्धत जगभर नेली. आज दुर्बिणीनं होणारी सायनसची शस्त्रक्रिया ती हीच. बाहेर टाका नाही, हाडाची मोठी फोड नाही. शरीरानं ठरवलेली वाट मोकळी करायची आणि बाकीचं शरीरावर सोपवायचं.

माझीही तशीच शस्त्रक्रिया छत्रपती संभाजीनगरला झाली. तिथल्या बाकावर माझ्या शेजारी एक शेतकरी बसले होते. 2021 मध्ये करोनानंतर झालेल्या काळ्या बुरशीनं त्यांचा वरचा जबडा अर्धा गेला होता. ती बुरशीही याच पोकळ्यांतून पसरायची, आणि राज्यात हजारो लोकांना ती झाली होती. ते कापऱ्या आवाजात मला धीर देत होते, "ताई, भिऊ नका. याच दुर्बिणीनं मला वाचवलं." इतकं सोसलेल्या माणसानं मला धीर द्यावा, याचा मला आजही आधार वाटतो.

पूर्ण भूल होती, त्यामुळे शस्त्रक्रिया कळली नाही. त्यानंतरचे दिवस मात्र कळले. नाकात भरलेलं पॅकिंग, तोंडानं श्वास, कोरडा पडलेला घसा, रात्रभर उशांना टेकून बसणं. पॅकिंग निघालं तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं आणि पाठोपाठ थंड हवा थेट कपाळापर्यंत गेल्यासारखी वाटली. मग पथ्य सुरू झालं. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. वाकायचं नाही, घागर उचलायची नाही. रक्ताच्या, शेंबडाच्या खपल्या धरतात, त्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून काढायच्या. आणि रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं.

धुणं हा अर्धा इलाज आहे, हे मी जीव तोडून सांगते. योगात जलनेती करतातच. पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. विहिरीचं, बोअरचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात कधीही घालू नका. अमेरिकेत लुइझियाना राज्यात 2011 मध्ये नळाच्या कच्च्या पाण्यानं नेती करणारे दोघे दगावले. पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत गेला होता. पाणी पोटात गेलं तर तो काही करत नाही, नाकातून वर गेला तर जीव घेतो.

वास परत आला तोही हळूहळूच. एका सकाळी वर्गात वह्या तपासायला वाकले आणि मुलींच्या वेण्यांचा खोबरेल तेलाचा वास आला. एवढी वर्षं त्या वर्गात उभी होते आणि हा वास तिथे रोज होता! पुढच्या मृगात अंगणात उभी राहून मी पोट भरेपर्यंत मातीचा वास घेतला. माय शेजारी उभी होती. "आला का गं?" एवढंच तिनं विचारलं.

कोंब पुन्हा येऊ शकतात, त्यामुळे नाकातला औषधाचा फवारा आणि धुणं चालू आहे, तपासणी चालू आहे. मळणीच्या दिवसांत मी नाकातोंडाला फडकं बांधते. गाजरगवत फुलायच्या आधी उपटते, तेही हातमोजे घालून. आमच्या कृषी विद्यापीठात ते गवत खाणारे मेक्सिकन भुंगे वाढवतात. ते गावोगावच्या पडीक जमिनींवर पोचले पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे सोसणाऱ्या माणसाचं, त्यातही बाईचं, फार कौतुक होतं. पण ज्या दुखण्याला इलाज आहे, ते सोसण्यात पुण्य नाही. तुमच्या घरात कुणाचं नाक बारा आठवड्यांहून जास्त चोंदलेलं असेल, चेहरा जड राहत असेल, भाजी करपल्याचं कळत नसेल, तर त्या माणसाला प्रकृती म्हणून सोडून देऊ नका. एकदा दुर्बिणीनं नाक तपासून घ्या. सगळ्यांना शस्त्रक्रिया लागत नाही, पुष्कळांचं औषधानं आणि धुण्यानंच भागतं. पण दुखतंय कुठं आणि का, हे कळायचा हक्क प्रत्येकाला आहे.