शनिवारची ताई

कंपनीचा टी-शर्ट घालून मुलींना कोडिंग शिकवणाऱ्या संस्थेत यायचं, त्यांच्यासोबत फोटो काढायचे आणि जेवून निघायचं, असल्या शनिवारांचा मला मनापासून कंटाळा आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने बड्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्याला द्यायला लावले. पैसा आला, बरं झालं. माणसाचा वेळ मात्र कायद्याने मिळत नाही.

आमच्या कंपनीच्या टेस्टिंग टीममधली एकजण तो वेळ देते. मुलीचा पायथनचा कोड अडला तरी ही कीबोर्डला हात लावत नाही. "एररची शेवटची ओळ मोठ्याने वाच गं," एवढंच. मुलगी अडखळत वाचते, राहिलेला कोलन टाकते. "ताई, चाललं!"

नोकरी लागली तर घरचे नाइट शिफ्टला सोडतील का, यावर मग दोघी बराच वेळ बोलत बसल्या. पुढच्या शनिवारी त्या मुलीच्या आईलाच बोलवायचं ठरलंय.