बोर्दोचा दलाल

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, गारोन नदीच्या काठी वसलेल्या बोर्दो शहराचे नाव वाइन न चाखणाऱ्यांच्याही कानांवरून गेलेले असते. परंतु तेथील नामवंत मळ्यांचे बहुतेक मालक आपली वाइन थेट ग्राहकाला विकत नाहीत, हे थोड्यांनाच ठाऊक असते. ते ती व्यापाऱ्यांना विकतात, आणि मालक व व्यापारी यांच्यामध्ये आणखी एक माणूस उभा असतो. त्याला 'कुर्तिये' म्हणतात. आपल्या भाषेत दलाल.

हा शब्द उच्चारताच आम्हां वसईच्या बागायतदारांच्या कपाळाला आठी पडते. फुले, भाजी, केळी मुंबईच्या बाजारात पाठवायची आणि हाती आलेल्या पट्टीवर आडत, हमाली व तूट वजा जाता जे उरेल ते निमूटपणे घ्यायचे, हे आम्ही वाडवडिलांपासून पाहत आलो आहोत. म्हणूनच काही वर्षांपूर्वी बोर्दोला जाण्याचा योग आला, तेव्हा तेथील भव्य वाड्यांपेक्षा या दलालाविषयीच आम्हांला अधिक कुतूहल वाटले.

हा व्यापार मुळात बंदराचा. ११५२ मध्ये आक्विटेनची एलिनोर हिचा विवाह पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्रीशी झाला आणि हा मुलूख सुमारे ३०० वर्षे इंग्रजी राजसत्तेशी जोडला गेला. वाइनची पिंपे जहाजांत चढू लागली. कालांतराने डच, जर्मन, आयरिश व्यापाऱ्यांनी नदीकाठच्या शार्त्रों पेठेत वखारी थाटल्या. परक्या व्यापाऱ्याला मळ्यांची पारख नव्हती आणि जमीनदाराला दूरच्या बाजाराची वार्ता नव्हती. त्या दोघांमधल्या जागेत दलाल उभा राहिला.

तो स्वतः माल घेत नाही, साठवीत नाही. मळोमळी फिरून वाइन चाखतो, कोणाचा माल यंदा कसा उतरला आहे हे जाणतो आणि सौदा जुळवितो. सौदा ठरला की त्याच्या हातची चिठ्ठी दोन्ही पक्षांकडे जाते. तीत माल, भाव व मुदत लिहिलेली असते. त्याची दलाली रीतीप्रमाणे शेकडा २. घाऊक मालाचा भाव आजही 'तोनो'च्या मापाने बोलला जातो. २२५ लिटरांची ४ पिंपे मिळून एक तोनो, म्हणजे ९०० लिटर.

या व्यवहारात विश्वासाला केवढे मोल आहे, हे वसंत ऋतूत दिसते. आदल्या शरदात खुडलेल्या द्राक्षांची वाइन अजून पिंपात मुरत असतानाच नामवंत मळे ती विकावयास काढतात. पैसे आज मोजायचे. बाटली दीड-दोन वर्षांनी हाती यायची. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी उत्तम वाइनांची यादी हवी होती, तेव्हा ती दलालांच्या संघानेच तयार केली. वर्षानुवर्षे मिळत आलेले भाव पाहून त्यांनी मेदोकच्या तांबड्या वाइनांच्या ५ श्रेणी लावल्या. १९७३ मध्ये एका मळ्याला पहिल्या श्रेणीत बढती मिळाली; एरवी ती उतरंड जवळजवळ तशीच टिकून आहे.

तथापि या विश्वासालाही ताण सोसावा लागतो. व्यापाऱ्याने एखाद्या वर्षी चढा भाव पाहून आपला ठरलेला वाटा नाकारला, तर पुढील वर्षी तो मिळेलच याची शाश्वती नसते. म्हणून तो नाइलाजाने घेत राहतो. पहिल्या श्रेणीतील शातो लातूर (या नावाने मराठी वाचकाला मराठवाड्याची आठवण व्हावी!) याने तर २०१२ मध्ये ही आगाऊ विक्रीच सोडून दिली.

परंतु खरी व्यथा आहे ती नामवंतांच्या यादीत नसलेल्या हजारो साध्या मळेवाल्यांची. त्यांची वाइन बरीचशी घाऊक जाते आणि अनेकांना अलीकडे उत्पादनखर्चही सुटेनासा झाला. फ्रान्समध्येच तांबडी वाइन पिणे घटले, चीनची मागणी ओसरली. डिसेंबर २०२२ मध्ये हे शेतकरी बोर्दोच्या रस्त्यावर उतरले. २०२३ मध्ये हेक्टरी ६,००० युरो देऊन सुमारे ९,५०० हेक्टरांवरील वेली उपटण्याची योजना आली. ज्या वेलीची निगा बापाने राखली, ती काढून टाकण्यासाठी मुलाने पैसे घ्यावेत, यातील वेदना समजायला आम्हांला फ्रेंच यावे लागत नाही.

बोर्दोच्या दलालाची एक गोष्ट आम्हांला मनापासून आवडली: आपला माल कोणाला व कोणत्या भावाने गेला, हे पिकविणाऱ्याला लेखी कळते. आमच्या पट्टीवर ते क्वचितच कळते. एवढा उघडेपणा आपल्या बाजारात आला तरी पुष्कळ साधेल. मात्र त्यावर समाधान मानून भागणार नाही. प्रामाणिक मध्यस्थ भाव लपवीत नाही, म्हणून तो भाव पोट भरण्याइतका असतोच असे नाही. ज्यांच्या वेली उपटल्या गेल्या, त्यांच्याही हाती भावाची चिठ्ठी होतीच.